दोन डावे पाय

तालबो मला कधीच आवडला नाही. द्युरोशेल मास्तरांच्या चित्रशाळेत तो माझ्यामागून आला आणि पहिल्याच आठवड्यात माझ्या चित्रातल्या गुडघ्याला बटाटा म्हणाला.

जिंकणाऱ्याला सरकारी खर्चाने रोमला शिकायला पाठवतात, त्या रोमच्या स्पर्धेला तिशी उलटली की बसता येत नाही. माझी ही शेवटची संधी होती. हुकली असती तर जन्मभर पॅरिसच्या पेढीवाल्यांच्या बायका रंगवत बसायचं. नियम साधा आहे. पहिल्या दिवशी कच्चं चित्र करून द्यायचं, त्यावर मोहोर बसते. मग रोज दिवसभर फळ्यांच्या आपापल्या खोलीत कोंडून घेऊन मोठं चित्र करायचं, ते त्या कच्च्या चित्राबरहुकूम. फरक दिसला की बाद.

विषय होता विषाचा पेला घेणारा म्हातारा सेनापती. तालबोने घाईघाईत त्याला दोन्ही पाय डावेच काढले आणि ते त्याच्या ध्यानात आलं मोहोर बसल्यावर. मी पोट धरून हसलो.

"काय रे, तुझ्या सेनापतीचे जोडे कुठला चांभार शिवतो?" मी फळीआडून विचारायचो.

"तू तुझ्याला विष कशाला पाजतोस? आधीच मेलाय तो," पलीकडून उत्तर यायचं.

एका संध्याकाळी बाहेर मास्तरांनी त्याला सगळ्यांदेखत झापलं. "गाढवा, काढलेस तसेच रंगव. वर थोडा अंधार टाक. परीक्षक निम्मे आंधळेच आहेत."

"दोन डावे पाय मी रंगवणार नाही."

"मग जा खड्ड्यात. माझ्या दारात पुन्हा दिसू नकोस."

चित्रं लोकांसाठी मांडली त्या दिवशी पाहिलं, तर पठ्ठ्याने उजवा पाय उजवा केला होता, आणि तोही भर उजेडात. जमिनीवर रोवलेला, म्हातारा, शिरा फुगलेला पाय. मला त्याचा भयंकर राग आला. लोक तिथून हलत नव्हते.

निकाल लागला. तालबो बाद, मी पहिला. माझ्या चौकटीला हार घातला गेला, आणि मी मास्तरांना शोधू लागलो.

ते सापडले, पण बाद झालेलं चित्र उतरवताना. शिपायाला बाजूला सारून चौकटीचं एक टोक त्यांनी स्वतः धरलं होतं.

"मास्तर, मला रोम मिळालं," मी म्हणालो.

"हो, ऐकलं," ते म्हणाले. "जरा दार धर."

मी दार धरलं.