टेकडीवरची मधली जागा

बिशप जोथॅम प्रॉसरने दोन दिवसांत अठ्ठेचाळीस घरांना कबरींच्या जागा आखून दिल्या आणि एकाही घराशी त्याची हुज्जत झाली नाही. जुनं कबरस्तान पाटाच्या खालच्या अंगाला होतं. वसंतात पाट फुटला, मयतांच्या पेट्या भिजल्या, तेव्हा रविवारच्या सभेत सगळ्यांनी हात वर करून ठरवलं, की आता टेकडीवर जायचं. नियम साधा होता. डोकं पश्चिमेला, पाय पूर्वेला, म्हणजे मेलेल्यांनी उठायच्या दिवशी तुतारी वाजली की माणूस उगवतीकडे तोंड करूनच उठून बसेल. नवऱ्याच्या शेजारी बायको, म्हणजे डोळे उघडल्यावर शोधाशोध नको.

एकोणपन्नासावी जागा त्याची स्वतःची होती, कारण आमच्या पंथात बिशप म्हणजे गावातलाच एक संसारी शेतकरी. तिथे तो दोरी हातात धरून इतका वेळ उभा राहिला, की दुसरं टोक धरलेल्या ब्रदर योर्गनचं अख्खं सफरचंद खाऊन झालं. योर्गन गावचा सुतार. डेन्मार्कहून येऊन वीस वर्षं झाली होती, पण जिभेची धार बोथट झाली नव्हती.

"बिशप, जागा आखताय की विहिरीला पाणी बघताय?"

"तीन धर," बिशप म्हणाला.

"तीन? म्हणजे शेवटी दुसरी करताय तर! साठी उलटल्यावर! केझायाबाईंना सांगितलंय का, की ते मलाच करावं लागणार?"

"तिसरी अल्वाची आहे."

योर्गनने सफरचंदाचं देठ खाली टाकलं आणि खुंटी उचलली. योर्गन बोलत नाही म्हणजे प्रकरण गंभीर, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल.

अल्वा ट्रेडवे म्हणजे बिशपच्या बायकोचा, केझायाचा, पहिला नवरा. तिकडे पूर्वेला, नॉवू गावातल्या आमच्या पंथाच्या मंदिरात त्यांचं लग्न लागलं, मरणाच्या पलीकडेही न सुटणारं. नऊ महिन्यांनी, इकडे पश्चिमेला येताना, मिसूरी नदीच्या काठी तो तापाने गेला. त्याची कबर जोथॅमनेच खणली, कारण अल्वाचा जिवाभावाचा मित्र तोच होता. पुढच्या वर्षी जोथॅमने केझायाशी लग्न केलं, पण आमच्याकडची रीत अशी, की एकदा मंदिरात बांधलेली बाई दुसऱ्याला मिळते ती फक्त जिवंत आहे तोवर. पलीकडे ती पहिल्याची. दुसऱ्यापासून झालेली तिची मुलंही पहिल्याचीच.

हे सगळं जोथॅमने बिशप म्हणून किती विधवांना आणि किती नवरदेवांना समजावलं असेल, त्याची गणती नाही. अगदी शांतपणे, गुडघ्यावर हात ठेवून. लोकां सांगे ब्रह्मज्ञान! पंथाच्या वरच्या मंडळींनी त्याला दोनदा सुचवलंही होतं, की आपल्यात चालतं, दुसरी बायको कर, म्हणजे पलीकडे तुझं स्वतःचं असं कुणीतरी असेल. दोन्ही वेळा तो म्हणाला, माझे बूट शोधून द्यायला एक पुरते.

पण त्यांची चार वर्षांची लेक रूथ घटसर्पाने गेली, तेव्हा तिच्यावर माती लोटताना त्याच्या मनात भलतंच आलं. वर गेल्यावर ही पोर अल्वाचा हात धरून उभी असेल, आणि विचारेल, बाबा, हे म्हातारे कोण? तेव्हापासून त्याच्या डोक्यात जो गुंता झाला तो सुटेना. शेतात लसूणघास कापताना तो कापायचा थांबे. पाण्याची पाळी दुसऱ्याची असताना स्वतःच्या शेताचं दार उघडून बसे. आणि ज्या गोष्टीमुळे गुंता झाला होता, ती त्याने तेहतीस वर्षांत कुणालाही सांगितली नव्हती. अल्वा जाताना त्याचा हात धरून जोथॅमने शब्द दिला होता: "मी तिला सांभाळीन. तुझी तुला परत देईन."

आता दोरी हातात होती आणि शब्द पाळायची वेळ आली होती. अल्वाची हाडं हजार मैलांवर कुठल्या गवताखाली आहेत ते देवालाच ठाऊक, पण जागा तर हवी. त्याने आधी केझायाला मधे घेतलं, दोन्ही बाजूंना दोघे. मग त्याला वाटलं, दोन पुरुषांच्या मधे बाई, हे बरं दिसत नाही. म्हणून त्याने स्वतःला मधे घेतलं. ते तर त्याहून वाईट दिसलं. योर्गन खुंट्या उपटून ठोकून घामाघूम झाला.

"बिशप, उठायच्या दिवसापर्यंत तरी होईल का हे?"

शेवटी ठरलं ते असं: कडेला केझाया, मधे अल्वाची रिकामी जागा आणि पलीकडे जोथॅम. मधल्या खुंटीवर त्याने चाकूने अल्वाचं नाव कोरलं. काम चोख झालं होतं. तरी तो दोरी गुंडाळायची सोडून तिथेच उभा राहिला.

योर्गनने ही गोष्ट फक्त आपल्या बायकोला सांगितली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ती गावभर झाली.

केझाया छपरावर वाळत घालायला पीच चिरत बसली होती. जोथॅम विहिरीवर हात धुऊन आला. तिने वर पाहिलं नाही.

"बिशप," ती म्हणाली. रागावली की ती त्याला बिशप म्हणायची. "मला टेकडीवर न्या. माझी जागा मला बघायचीय."

"आत्ता? पीच—"

"पीच कुठे पळून जात नाहीत. गाडी जोडा."

टेकडीवर पोचल्यावर तिने तिन्ही खुंट्या नीट वाचल्या, एप्रन झटकला आणि त्रेपन्न वर्षांची ती बाई सरळ आपल्या जागेवर जमिनीला पाठ टेकून आडवी झाली. टोपीची नाडीही सोडली नाही.

"केझाया! अगं, कुणी बघेल!"

"बघू दे. तुम्ही झोपा तुमच्या जागी."

तो झोपला. खाली खडे टोचत होते. वर इतकं निळं आभाळ होतं, की त्याला डोळे मिटून घ्यावेसे वाटले.

"हात लांब करा," ती म्हणाली. तिनेही केला. "पोचला?"

"नाही."

"मला पण नाही पोचत." तिने हात मागे घेतला. "तेहतीस वर्षं, जोथॅम. रात्री पाय गार पडले की कुणाच्या पोटरीला लावते मी? आणि आता हे मधे काय घातलंयस?"

मग त्याने सांगितलं. आभाळाकडे बघत, अडखळत, अल्वाला दिलेला शब्द त्याने पहिल्यांदा तोंडाबाहेर काढला. सांगून झाल्यावर त्याला वाटलं, ती रडेल. ती उठून बसली ती भडकूनच.

"परत देईन? मला न विचारता? मी काय शेजारणीकडून उसनी आणलेली कढई आहे, घासून परत करायला?"

"तो मरत होता गं."

"माहितीय मला. मी पण तिथेच होते ना." तिचा आवाज उतरला. "वीस वर्षांचा होता तो. चांगला होता. आता मला त्याचा चेहरा आठवत नाही, जोथॅम. आठवायला बसले, की आपल्या थोरल्याचाच चेहरा येतो. आणि थोरला तर तुझ्यावर गेलाय. मी कुणाला सांगू हे? नवरा बिशप आहे माझा!"

जोथॅमही उठून बसला. त्याला वाटलं होतं, गुंता फक्त आपल्याच डोक्यात आहे.

"मग त्या दिवशी काय होणार?" त्याने विचारलं. लोक त्याला विचारत, अगदी त्याच सुरात. "तू कुणाबरोबर जाशील?"

"मला काय ठाऊक! बिशप तू आहेस." तिने एप्रनला चिकटलेले काटे काढले. "मला एवढंच कळतं. तुतारी वाजायच्या आधीच तू उठशील, पाण्याची पाळी चुकेल म्हणून. बूट सापडणार नाहीत. आरडाओरडा करशील आणि त्यानेच मी जागी होईन. रूथला उठवीन. अल्वा मिसूरीहून निघेल. हजार मैल आहेत, आपल्याला चालत यायला तीन महिने लागले होते. तो पोचेपर्यंत माझी न्याहारी होऊन जाईल. दमून आला असेल बिचारा, त्यालाही वाढीन. मग बसू सगळे आणि ठरवू."

"असं चालतं का?"

"नसेल चालत तर देव सांगेल. तू कशाला आधीच जागा सोडून बसलास?"

नियम त्याला तोंडपाठ होता आणि नियमात कुठेच न्याहारी नव्हती. आपण शब्द मोडतोय की पाळतोय, हेही त्याला उमगेना. तिने मधली खुंटी धरली, दोनदा हलवली. योर्गनने घट्ट ठोकली होती, ती निघेना.

"मदत कर की!"

त्याने हात लावला. दोघांनी मिळून ती उपटली. तिने नावावरची माती अंगठ्याने पुसली आणि खुंटी एप्रनात घेतली.

"हिचं काय करणार?"

"माझ्या घेवड्याचा वेल पडलाय. त्याला लावते. परसातच राहील, स्वयंपाकघराच्या दारासमोर. आला की आपलं नाव बघून तरी त्याला कळेल, की विसरलो नव्हतो."

ती गाडीकडे निघाली. जोथॅमने कडेची, केझायाची खुंटी उपटली आणि आपल्या खुंटीजवळ आणून ठोकली. मग अंतर बघायला तो पुन्हा आडवा झाला आणि त्याने हात लांब केला. खुंटी हाताला लागली. तरी त्याने ती आणखी वीतभर अलीकडे घेतली.