ऑल्टनबुवांचा फाटका मोजा

या, जरा जवळ सरका, सतरंजीवर जागा आहे. अमेरिकेत, फ्रीमाँटच्या आमच्या मराठी मंडळात २००५च्या गणपतीत काय घडलं ते सांगते. हसायला येईल, खुशाल हसा.

कीर्तनकार बुवांना व्हिसा मिळाला नाही. मी रडायचीच बाकी होते. तेव्हा आमचा सेक्रेटरी कृष्णा एका जमैकन गायकालाच घेऊन आला, ऑल्टन त्याचं नाव.

"काकू, रेगे गातो, म्हणजे त्यांच्याकडचं नाचायचं संगीत, पण सगळी देवाचीच गाणी!"

तरुणपणी किंग्स्टनमध्ये त्याच्या एका रेकॉर्डवर गल्ल्याच्या गल्ल्या नाचायच्या म्हणे. अमेरिकेत आला आणि उतरत उतरत एका रेस्टॉरंटच्या कोपऱ्यात पोचला. लोक त्याच्याकडे पाठ करून चिकन खायचे.

माइक लावताना तो कृष्णाला म्हणाला, "आजही कुणी हललं नाही, तर गाणं बंद. सोमवारपासून मेव्हण्याच्या टायरच्या दुकानात."

मग त्याने सिंहांच्या गुहेत टाकलेल्या भक्ताची गोष्ट लावली. थोडं बोलायचा, थोडं गायचा. अहो, हे तर आख्यानच! सिंह जवळ आले तेव्हा माझ्या अंगावर काटा. आम्ही ऐंशी माणसं मांडी घालून, डोळे मिटून गप्प. आख्यान रंगल्यावर टाळ्या कोण वाजवतो? डोळे पुसतो आपण.

ऑल्टनला दिसली झोपलेली ऐंशी माणसं. गाणं संपलं, तरी चिडीचूप. त्याने गिटार पेटीत घातली आणि मागच्या दाराने पार्किंग लॉट गाठला.

"काकू, तो निघाला!"

"असा कसा? बुक्का कोण लावणार?"

मी डबी घेऊन पळाले, मागे अख्खं मंडळ. गाडीपाशी मी वाकले, तसा तो टुणकन मागे.

"माझ्या बुटांना काय झालं?"

"पाया पडतायत तुझ्या! आमच्यात हीच टाळी," कृष्णा धापा टाकत म्हणाला.

"बूट काढ आधी," मी दटावलं.

काढले. डाव्या मोज्यातून अंगठा बाहेर! त्याच अंगठ्याला हात लावत सगळी रांग सरकली. शेवटी प्रल्हादकाका, गुडघ्याचं ऑपरेशन झालेले.

"मला वाकवत नाही रे. तूच पाय वर घे."

त्याने निमूट पाय बॉनेटवर ठेवला. कपाळाला बुक्का, डोळ्यांत पाणी. "पुन्हा गाऊ?" म्हणाला, आणि तिथेच पहिल्यापासून गायला.

सोमवारी मेव्हणा वाट बघत बसला.

तर कीर्तनात तल्लीन होऊन बसाल, तेव्हा आमच्या ऑल्टनबुवांची आठवण ठेवा. आणि बुवा दारापर्यंत पोचायच्या आत उठा.