दोन पावले मागे

"या चित्रपटातील सर्व पात्रे काल्पनिक असून, हयात वा मृत व्यक्तींशी आढळणारे साम्य हा निव्वळ योगायोग समजावा."

हे निवेदन पडद्यावर चार सेकंद राहिले. कायद्याचे तेवढ्याने समाधान होते. योगायोगाने मात्र पुष्कळ मेहनत घेतली होती. मार्चमध्ये, लंडनजवळच्या स्टुडिओत, जेवणाच्या सुट्टीत तो घडला होता, आणि चित्रीकरणाचे सामान पुरवणाऱ्या विभागातल्या लेस्ली ऑग्डेनच्या पायांनी चालत आला होता.

ज्यांच्याशी साम्य होते ते क्लेमेंट ऑग्डेन आता स्टॉकपोर्टच्या थिएटरात, शनिवारच्या दुपारच्या खेळाला, टोपी मांडीवर ठेवून लेस्लीच्या शेजारी बसले होते. श्रेयनामावलीत मुलाचे नाव नव्हते. तरी 'आमच्या लेस्लीचा सिनेमा' म्हणून त्यांनी आठवडाभर गल्लीत सांगितले होते.

सत्तावीस वर्षे क्लेमेंट दारोदार ब्रश विकत आले. दार ठोठावायचे, टोपी काढायची आणि दोन पावले मागे सरून पायरीखाली उतरायचे. लहानपणी लेस्लीने कारण विचारले होते. "बाई घरात एकटी असते रे," ते म्हणाले होते. "दार उघडल्यावर तिला आपली भीती वाटता कामा नये."

स्टुडिओतल्या, महागड्या शाळांत शिकलेल्या मंडळींना या दोन पावलांत सभ्यता दिसली नाही. लाचारी दिसली, आणि लाचारी विनोदी असते, हा त्यांच्या वर्गाचा जुना सिद्धान्त आहे.

पडद्यावरचा विक्रेता मागे सरला आणि दुधाच्या बाटल्यांवर बसला. दुसऱ्या दारी गुलाबाच्या काट्यांत. तिसऱ्या दारी त्याने नुसती टोपी काढली आणि थिएटर आधीच हसू लागले.

मागच्या रांगेतून शेजारच्या मिसेस कर्शॉ पुढे वाकल्या. "अहो ऑग्डेन, हे तर तुम्हीच की. अगदी हुबेहूब."

त्यांच्या मनात वाईट काही नव्हते. क्लेमेंटही हसले. जरा उशिरा; साहेबाच्या विनोदाला हसावे तसे. लेस्लीने पडद्यावरची नजर हलवली नाही.

खेळानंतर रिवाजाप्रमाणे वाजणारे राणीचे राष्ट्रगीत संपेपर्यंत क्लेमेंट ताठ उभे राहिले. घरी येताना त्यांनी दोनदा स्तुती केली, ती छायाचित्रणाची.

घराशी आल्यावर त्यांनी स्वतःचेच दार ठोठावले, टोपी काढली. डावा पाय मागे गेला आणि अधांतरी थांबला. त्यांनी तो पुन्हा पुढे घेतला, आणि दाराच्या लाकडाला नाक लागेल इतक्या जवळ उभे राहिले. लेस्लीच्या आईचे गुडघे दुखत. दार उघडायला तिला वेळ लागे.

"त्या नटाला हे कुणी दाखवलं, लेस्ली?" त्यांनी दाराकडे बघतच विचारले.

योगायोग म्हणण्याची सोय होती. तशी छापील तरतूदच होती. आतून आईची काठी जवळ येत होती.

"मीच दाखवलं, बाबा. स्टुडिओतले सगळे हसले, म्हणून मी परत करून दाखवलं."