पाडव्याला मिटलेला पिसारा

मी एक जुना मोर आहे, मित्रांनो. रानातला नव्हे, लायटिंगचा. प्लायवूडचं अंग, बांबूच्या कामट्यांचा पिसारा आणि त्यावर रंगात बुडवून वाळवलेले शेकडो छोटे दिवे. मला पंख आहेत पण उडता येत नाही, चोच आहे पण ओरडता येत नाही. दचकता मात्र येतं. जन्मल्यापासून मी दचकतच आलो आहे, आणि त्यांतल्या सगळ्यांत मोठ्या धक्क्याची गोष्ट तुम्हांला सांगायची आहे.

माझा जन्म नळदुर्गात, गुंडाप्पांच्या अंगणात झाला. गुंडाप्पा मंडपवाले. लग्न असो, उरूस असो, खंडोबाची यात्रा असो, दिवे लावायचे ते गुंडाप्पांनीच. एका उन्हाळ्यात त्यांनी मला घडवलं. समोरच्या घरातले लिंबाजी शेतकरी. ते कामट्या तासून द्यायचे आणि गुंडाप्पा एकेक दिवा तारेला बांधायचे. माझ्या पोटाशी त्यांनी एक रोलर बसवला. म्हणजे लाकडी ढोलकं आणि त्यावर तांब्याच्या पट्ट्या. मोटरीनं ते फिरलं की पट्ट्या तारांना शिवायच्या आणि माझा पिसारा ओळीओळीनं उघडायचा. पहिल्यांदा उघडला तेव्हा मी इतका दचकलो की काय सांगू! माझ्या अंगात एवढं काही भरलंय, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

मग काय विचारता! हमरस्त्यावरचे ट्रकवाले माझ्यासाठी गाडी हळू करायचे. लोहारा गावातल्या एका लग्नात नवऱ्याचा मामा माझ्याकडे बघता बघता अक्षता भटजींच्या अंगावर टाकत राहिला. गुंडाप्पा हसून म्हणायचे, "ह्या मोराला मिजास लई. पर नाचतो म्हणून खपतंय." मिजास होतीच. का नसावी?

फक्त एका वेळी मला झाकून ठेवत. गल्लीत कुणी गेलं की गुंडाप्पा माझ्यावर गोणपाट टाकायचे. लिंबाजींची आई गेली त्या साली अख्खी दिवाळी मी गोणपाटाखाली काढली. गुंडाप्पांची स्वतःची आई गेली तेव्हाही तसंच. मला वाटलं, या घराची हीच रीत असणार. लिंबाजींनाही तेच वाटत होतं.

पुढे तयार एलईडीच्या कमानी आल्या. वजनाला हलक्या, घडी घालून पिशवीत मावणाऱ्या. मला कुणी विचारेना. गुंडाप्पांनी मला मोडक्या खुर्च्यांमागे उभं केलं, आणि थोड्याच दिवसांत एका उंदरीण बाईंनी माझ्या पिसाऱ्यात बाळंतपण उरकलं. माझ्यासारख्याच्या पिसाऱ्यात! या अपमानातून मी अजून सावरलेलो नाही.

पण त्याहून वाईट गोष्ट बाहेर घडत होती. गुंडाप्पांची मूत्रपिंडं निकामी झाली. आपलं रक्त आतल्या आत गाळणारे ते अवयव थांबले, की डायलिसिसच्या मशीनवर ते गाळून घ्यावं लागतं. मशीन सोलापूरला. आठवड्यातून दोनदा पहाटेची एसटी धरायची आणि संध्याकाळी पिळून काढलेल्या धडप्यासारखं परत यायचं. सोबत त्यांच्या पत्नी इरम्मा असायच्या, आणि वर्षभरानंतर लिंबाजींच्या पत्नी द्वारकाबाईही त्याच गाडीत बसू लागल्या. त्यांनाही तोच आजार. गावातल्या धर्मादाय दवाखान्यानं जागा तयार ठेवली होती, पण मशीन घ्यायला पैसे नव्हते.

गुंडाप्पांची लेक शिवप्रिया पुण्यात कॉम्प्युटरचं काम करते. गेल्या दिवाळीच्या आधी ती आली आणि तिनं मला खुर्च्यांमागून ओढून काढलं. अंग पुसलं, जळके दिवे बदलले, उंदरीण बाईंना घर सोडायला लावलं. मी खूश! आणि मग तिनं पक्कड घेऊन माझ्या रोलरला हात घातला.

"रोलर काढू नको," खाटेवरून गुंडाप्पा म्हणाले. "त्येचा जीव हाय तो."

"काढत न्हाय, अप्पा. नुसती ही डबी जोडते. आता कुणीबी कुठनंबी मोबाइलवर बटण दाबलं की तुमचा मोर नाचंल. लिंबाजीकाकांच्या गच्चीवर कॅमेरा बसवलाय, त्यात लोकांना दिसंल. बघून झालं की ज्याला वाटंल त्यानं मशीनसाठी खिसा सैल करायचा. भाऊबिजेच्या रात्रीपर्यंत जेवढं जमंल, तेवढीच भर मुंबईची एक संस्था घालणार हाय."

कुणाचाच विश्वास बसला नाही. अंगणात मी उभा, हाताच्या अंतरावर कुणी नाही, आणि एकाएकी रोलर खडखडला. माझा पिसारा उघडला! द्वारकाबाईंच्या हातातलं शंकरपाळ्यांचं ताट खाली आलं.

"आगं बया! कुणी हात लावला?"

"पुण्यातनं माझ्या मैत्रिणीनं," शिवप्रिया हसत म्हणाली.

सगळे टाळ्या वाजवत होते, पण मला संताप आला होता. आजवर मी नाचलो तो गुंडाप्पांच्या हातानं. आता कोण कुठला माणूस, ना ओळख ना पाळख, मला न विचारता नाचवणार? हे काय वागणं झालं?

वसुबारसेला मी घराच्या छपरावर चढलो. अंधार पडला की बटणं सुरू व्हायची. पुणे, हैदराबाद, पार दुबईसुद्धा. गुंडाप्पा खाटेवर पडून प्रत्येक वेळी विचारायचे, "ह्यो कुठला?" आणि शिवप्रिया गावाचं नाव सांगायची. त्यांच्या चेहऱ्यावर पूर्वीचं हसू परत आलेलं बघून माझा राग निवळला. दिवाळीत मशीन येणार अशी चिन्हं दिसू लागली होती. फक्त शेवटच्या दोन संध्याकाळी जोरात जायला हव्या होत्या.

पाडव्याच्या सकाळी गुंडाप्पांना श्वास लागला. शिवप्रिया आणि इरम्मा त्यांना जीपमध्ये घालून सोलापूरला घेऊन गेल्या. घराला कुलूप लागलं. माझी तार आतल्या खटक्याला जोडलेली होती. तो चालूच राहिला.

दिवेलागणीला जीप परत आली. मी छपरावरून ती वळताना पाहिली आणि मनात म्हटलं, आले मालक. आता त्यांना पिसारा दाखवावा. अगदी त्याच क्षणी लांब कुठेतरी कुणीतरी बटण दाबलं. मला केवढा आनंद झाला! मी ओळीओळीनं, सगळ्या रंगांनिशी उघडलो.

जीपचं मागचं दार उघडलं. पांढऱ्या कापडाखाली गुंडाप्पा होते.

मित्रांनो, तेव्हा मला मिटता आलं असतं तर! पण रोलर आपली फेरी पुरी केल्याशिवाय थांबत नाही. इरम्मा खाली उतरत होत्या आणि त्यांच्या डोक्यावर मी नाचत होतो. फेरी संपली, तोवर आणखी कुणी बटण दाबलं. गल्लीतली माणसं तोंडाला हात लावून माझ्याकडे बघत होती. एवढी लाज मला कधी वाटली नव्हती.

"आरं बंद करा त्यो मोर!" लिंबाजी ओरडले. "माणूस दारात हाय आन् वर नाच चाललाय!"

खटका घरात, घराला कुलूप, किल्ली इरम्मांच्या कमरेला. त्या घडीला त्यांच्याकडे किल्ली मागायची कुणी? लिंबाजींनी आपल्या गोठ्यातून उसाचा कोयता आणला, भिंतीला शिडी लावली आणि वर येऊन एका घावात माझी तार तोडली; कोयत्याचं टोक पिसाऱ्याच्या एका ओळीलाही लागलं. ठिणगी उडाली. कोयत्याची मूठ लाकडी म्हणून ते वाचले. ज्या हातांनी माझ्या कामट्या तासल्या होत्या, त्याच हातांनी मला विझवलं. लिंबाजी रडत होते.

मग घर उघडलं. गुंडाप्पांना आंघोळ घातली, कपाळाला विभूती लावली आणि त्यांच्या लिंगायत रीतीप्रमाणे ओट्यावर भिंतीला टेकवून बसवलं. गळ्यात हार, हातात इष्टलिंग. बसल्या बसल्या डुलकी लागावी तसे ते दिसत होते. सकाळी समाधी द्यायची ठरली. भजनी मंडळी जमली. तेव्हा इरम्मांनी वर पाहिलं.

"मोर कुणी बंद केला?"

"म्या, वहिनी," लिंबाजी पुढं झाले. "सुतक पडलं घराला. तुमी काळजी करू नगा, म्या तारच तोडली."

इरम्मा त्यांच्याकडे बघतच राहिल्या. "भावजी, आमच्यात सुतक नसतंय."

"नसतंय कसं? तुमची सासू गेली तवा गुंडाप्पानं ह्याच मोरावर गोणपाट टाकलं हुतं!"

"ते तुमच्यासाठी. गल्लीला बरं दिसत न्हाय म्हणून. तुमची आई गेली तवा तुमी मोर झाकलेला बघून लई रडला हुता, ते ह्यांच्या ध्यानात हुतं. आमचं माणूस लिंगैक्य होतंय, भावजी. शिवाकडं गेलेल्या माणसाचा विटाळ कसला?"

लिंबाजी ओट्याच्या कडेला बसले. इतकी वर्षं समोरासमोर काढली, एकमेकांच्या भाकरी खाल्ल्या, आणि एवढी गोष्ट ठाऊक नव्हती! छपरावर अंधारात उभा राहून मीही तेवढाच थक्क झालो होतो. ते गोणपाट या घराची रीत नव्हतीच. ती शेजाऱ्याची भीड होती.

"ह्यांनी जल्मभर दुसऱ्याच्या दारात दिवे लावले," इरम्मा म्हणाल्या. "आपल्या दारात अंधार करून पाठवू व्हय त्यास्नी?"

शिवप्रिया डोळे पुसत उठली. तिनं आतला खटका बंद केला आणि शिडीवर चढली. खाली शिडी धरायला लिंबाजी उभे राहिले. गुंडाप्पा वर असले की ते उभे राहत तसेच. तिनं तारेची टोकं सोलली, पिळून जोडली, वर काळी पट्टी गुंडाळली. मला भीती वाटत होती, कारण माझ्या आतली एकेक तार ओळखणारा माणूस खाली हार घालून बसला होता. खटका चालू झाला. माझं अंग निळं उजळलं.

पण पिसारा उघडेना. सगळे वाट बघत राहिले. कुणीच बटण दाबेना.

"जोड चुकला का गं?" द्वारकाबाईंनी विचारलं.

शिवप्रियानं मोबाइल पाहिला. "जोड बरोबर हाय, काकू. कॅमेरा चालूच राहिला हुता. लोकांनी अप्पांना आणताना बघितलं, काकांनी तार तोडलेली बघितली. आता कुणाचा हात धजंना. एकानं लिहिलंय, आज मोराला विश्रांती द्या."

लोक भले होते. लिंबाजींसारखेच. भलेपणानंच सगळं थांबलं होतं, आणि मशीनला आता उद्याची एकच संध्याकाळ उरली होती.

इरम्मांनी लेकीच्या हातातला मोबाइल घेतला आणि लिंबाजींपुढे धरला. "तुमी दाबा."

"म्या? वहिनी, माझ्याच हातानं तर..."

"तुमी तोडताना लोकांनी बघितलंय. तुमीच लावला तर त्यास्नी कळंल की ह्या घराची ना न्हाय. आन् भावजी, परवा द्वारकाबाईला परत सोलापूरची गाडी धरायची हाय. ह्यांच्यासारखं तिला दर खेपेला तेवढं लांब न्यायचं का?"

लिंबाजींनी मोबाइल घेतला. गल्लीच्या मधोमध, कॅमेऱ्याला दिसेल असे उभे राहिले. धोतराला अंगठा पुसला आणि बटण दाबलं.

मी उघडलो, मित्रांनो. खाली बसलेल्या गुंडाप्पांच्या कपाळावर माझा हिरवा उजेड पडला. रोलरची फेरी संपते न संपते तोच दुसरं बटण आलं, मग तिसरं, मग थांबलंच नाही. शिवप्रिया गावांची नावं मोठ्यानं वाचत होती, खाटेवरच्या बापाला सांगायची तशीच. इरम्मा इतका वेळ कोरड्या डोळ्यांनी बसल्या होत्या. आता मात्र त्या ढसाढसा रडल्या. दुसऱ्या संध्याकाळी तर रोलर हात लावू नये इतका तापला.

मशीन आलं. द्वारकाबाई आता दवाखान्यात चालत जातात आणि येताना वाटेत भाजी घेतात. गल्लीत कुणाकडे दुःखाचा प्रसंग आला तर लिंबाजी आधी त्या घरी जातात आणि विचारतात, दिवे ठेवायचे का काढायचे.

जुन्या वस्तू टाकू नका, त्यांना उंदरांच्या हवाली करू नका, असं मी तुम्हांला सांगणारच होतो. मोरानं स्वतःसाठी एवढं तरी मागावं. पण माझं खरं मागणं दुसरं आहे. शेजाऱ्याच्या दारातला दिवा त्याच्या भल्यासाठी विझवायचा झाला, तरी आधी दोन पावलं पुढं जाऊन त्याला विचारा. समोरासमोर राहूनही माणसाला माणूस ठाऊक नसतो, हे मी छपरावरून पाहिलं आहे.

या दिवाळीतही मी नाचणार आहे. तुम्ही बटण दाबाल तेव्हा नीट बघा. पिसाऱ्याची एक ओळ बाकीच्यांपेक्षा जराशी उशिरा उघडते. शिवप्रिया तिथली तार बदलायला निघाली होती; लिंबाजींनी बदलू दिली नाही. तिथं त्यांचा कोयता लागला होता.