डबल बेल

कळंब डेपोत पौर्णिमा कंडक्टरला टोपणनाव पडलं होतं, चाकं मोजणारी बाई. माणसाला नावं ठेवण्यात आपला डेपो उभ्या मराठवाड्याला ऐकायचा नाही. पण जे हसत होते त्यांना कारण पक्कं माहीत होतं. माहीत असूनही हसत होते, कारण हसलं नाही तर काहीतरी बोलावं लागलं असतं, आणि काय बोलावं हे कुणालाच सुचत नव्हतं.

एसटीचा नियम शेंबड्या पोरालाही ठाऊक असतो. कंडक्टरनं दोरी ओढून एक टोला दिला की गाडी थांबते, दोन दिले की निघते. ड्रायव्हर मागं बघत बसत नाही, तो कानावर विसंबून असतो. मागलं सगळं कंडक्टरच्या हातात. संक्रांत होऊन आठवडाच झाला होता, तेव्हाची गोष्ट. तेरच्या अलीकडच्या फाट्यावर शरिफाबी नावाची म्हातारी मागच्या दारानं उतरत होती. पौर्णिमा पुढच्या बाकांपाशी, कुणाच्या तरी आधार कार्डावरून पेटलेल्या भांडणात अडकली होती. दार लागल्याचा आवाज झालासा वाटला आणि तिनं मान न वळवताच डबल बेल दिली. म्हातारीचा एक पाय अजून पायरीवर होता. तिला घ्यायला आलेला तिचा नवरा, बाबामियाँ, खाली रस्त्यावर उभा होता. त्याच्या डोळ्यांदेखत ती चाकाखाली गेली.

चौकशी झाली. दोन महिने घरी बसवून, कडक समज देऊन पौर्णिमाला परत कामावर घेतलं. घरातली सगळी माणसं तिच्या बाजूनं होती. नवरा सुगत बाजार समितीत कारकून, बोलायला कमी पण मनानं चांगला. तो म्हणाला, "तुझी चूक न्हाय." सासू सुमनबाई म्हणाल्या, "तिची वेळ भरली हुती पोरी, तू निमित्त." शेजारणीही तेच म्हणाल्या. सगळ्यांनी मायेनंच म्हटलं, पण ते ऐकलं की पौर्णिमाच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. बेल कुणी दिली हे तिच्या हाताला माहीत होतं ना.

आणि तो हात आता दोरीकडे जाईना.

मग तिनं आपली रीत काढली. प्रत्येक थांब्यावर खाली उतरायचं, गाडीला वळसा घालायचा, वाकून चारी बाजूंनी चाकं बघायची, वर यायचं आणि ओरडायचं, "जाऊ द्या!" एवढं करूनही जीव थाऱ्यावर नसायचा. कधी अर्ध्या वाटेतून परत उतरायची, पुन्हा बघायची. कळंब-धाराशिव फेरीला पाऊण तास उशीर ठरलेलाच. घरीही तेच. बूड टेकून बसणं माहीत नाही. कुकरची एक शिट्टी झाली की ठीक, पाठोपाठ दुसरी झाली की ही हातातलं टाकून अंगणात. सुमनबाईंनी शेवटी कुकर माळ्यावर टाकला आणि डाळ पातेल्यात शिजवायला लागल्या.

तिच्यासोबत गाडीवर जायला ड्रायव्हर कुरकुरायला लागले. टिकला एकटा गोरोबा. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेला, तोंडानं फटकळ, पण बाईला एकटं सोडायचं नाही हे त्यानं मनाशी धरलेलं.

एका सकाळी ढोकीत ती अशीच मागच्या चाकाशी वाकली होती. आत प्रवासी वैतागले होते. कुणाला कॉलेज, कुणाला कोर्टाची तारीख. कंडक्टर बेल देत नाही तर आपणच द्यावी, हा उद्योग आपल्याकडे नवा नाही. मागच्या बाकावरच्या एका घाईच्या माणसानं उठून दोरी दोनदा ओढली.

गोरोबानं कानाच्या सवयीनं गियर टाकला. गाडी वीतभर सरकली असेल नसेल, खालून किंकाळी आली. त्यानं ब्रेक मारला, उडी टाकून मागं धावला. पौर्णिमा चाकापासून हातभर अंतरावर धुळीत बसली होती. तिला खरचटलंही नव्हतं. पण गोरोबाच तिथं डांबरावर बसला आणि लहान पोरासारखा रडला.

"बाई," तो डोळे पुसत म्हणाला, "आज माझ्या हातून खून झाला आसता. बुधवारी सरकारी दवाखान्यात डोक्याच्या डॉक्टर येत्यात. जायचं. न्हाय गेलात तर तुमच्यासंगं म्या गाडीवर बसत न्हाय."

ही बातमी डेपो मॅनेजर महांतप्पा साहेबांपर्यंत पोचली. त्यांनीही सांगून टाकलं, "एक महिना. गोरोबा तुमच्या तोंडच्या शब्दावर गाडी काढेल, मी डोळेझाक करतो. पण महिन्यानं तुमची बेल तुम्हीच द्यायची. न्हाय जमलं तर कायमचं टेबल." ऑफिसातल्या टेबलावर पगार बुडत नाही, पण पौर्णिमाला ठाऊक होतं, एकदा टेबलाला चिकटली की आपल्या हातावरचा विश्वास जन्मात परत यायचा नाही.

पहिल्या बुधवारी ती दवाखान्याच्या दारापर्यंत गेली. पाटीवर नाव होतं, डॉ. फरहाना. ते वाचून ती आल्या पावली परतली. शरिफाबीची कुणी नातलग निघाली तर? आता अख्ख्या जिल्ह्यातले मुसलमान काय एका घरचे असतात? पण भ्यालेल्या माणसाला हिशेब कुठला. दुसऱ्या बुधवारी गोरोबा तिच्यामागं वाट अडवून उभा राहिला, तेव्हा ती आत गेली.

डॉक्टर पस्तिशीच्या, सुती साडीतल्या. "बसा," म्हणाल्या. पौर्णिमा बसली, उठली, खिडकीशी गेली, परत आली. तोंडानं "माफ करा मॅडम" चाललेलं. डॉक्टर खुर्ची मागं सारून स्वतःच उठल्या.

"चला, व्हरांड्यात फिरत फिरत बोलू. मलाही सकाळपासून बसून कंटाळा आलाय."

दोघी व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकाला येरझाऱ्या घालायला लागल्या. तिसऱ्या फेरीला पौर्णिमाला वाचा फुटली. सगळं सांगून झाल्यावर ती उत्तराची वाट बघत चालत राहिली. आता ही पण म्हणणार, तुमची चूक नव्हती.

"बेल कुणी दिली?" डॉक्टरांनी विचारलं.

"म्या."

"न बघता दिली?"

"व्हय."

"म्हणजे चूक झाली तुमच्याकडून."

पौर्णिमा जागीच थबकली. इतक्या महिन्यांत हे पहिल्यांदा कुणीतरी तिच्या तोंडावर म्हटलं होतं, आणि आवाजात राग नव्हता. तिला रडू फुटलं. ते दुःखाचं जेवढं होतं तेवढंच सुटकेचंही होतं. डॉक्टर तिच्या हाताला धरून उभ्या राहिल्या, घाई केली नाही. बाहेर बाकड्यावर पेशंट खोळंबले होते, ते खोळंबू दिले.

"चूक झाली ती एकदाच झाली, पौर्णिमाताई," त्या नंतर म्हणाल्या. "पण तुमच्या डोक्यात ती संपलीच नाही. रोज, दर थांब्याला नव्यानं होतेय. याला आजार म्हणतात आणि हा बरा होतो. चाकाखाली बघता तेव्हा कुणी असतं का?"

"न्हाय."

"मग मन शांत होतं?"

"न्हाय मॅडम. वाटतं, नीट बघितलं न्हाय."

"बघून भीती जात नाही, उलट दर वेळी ती आणखी एकदा बघायला लावते. आपण तिचा खुराक हळूहळू कमी करू."

झोपेची गोळी दिली, आणि अभ्यासही दिला. पहिल्या आठवड्यात वळसा घालायचा, पण वाकायचं नाही. दुसऱ्यात फक्त दाराच्या बाजूनं. तिसऱ्यात उतरायचंच नाही, पायरीवरून एकदा नीट बघायचं, आणि बघितलं की बघितलं. सांगायला सोपं. पहिल्या दिवशी न वाकता गाडीत चढली तेव्हा तिनं तोंडावर हात दाबून धरला होता. गोरोबा आरशातून बघत होता. "वकायचं आसंल तर खिडकीतनं वका," तो म्हणाला, "पण उतरायचं न्हाय." ती रडता रडता हसली.

दर बुधवारी डॉक्टर तिला तो दिवस सांगायला लावायच्या. पण बेलपासून नाही, सकाळपासून. चहा कुठं घेतला, गाडीत कोण होतं. तिसऱ्या खेपेला सांगता सांगता पौर्णिमाला एकदम आठवलं.

"म्हातारी माझ्याशी बोलली हुती," ती म्हणाली. "चढली तवा मूठभर बोरं दिली मला. म्हणली, पोरी, दिवसभर उभी ऱ्हातीस, पाय दुखत आसतील. म्या इसरूनच गेले हुते."

इतके दिवस तिच्या डोक्यात फक्त चाकाखालची शरिफाबी होती. आता हसणारी, बोरं देणारीही परत आली. त्या संध्याकाळी पौर्णिमा पुष्कळ रडली, पण रडून झाल्यावर जेवली आणि पहिल्यांदा दोन घास जास्त खाल्ले.

तरी बेल काही देता येईना. महिना सरत आला. दोरीला हात लावायची, धरायची, सोडून द्यायची आणि ओरडायची, "जाऊ द्या!" उद्या महांतप्पा साहेबांपुढं उभं राहायचं होतं. शेवटच्या दिवशी गाडी तेरहून कळंबकडे निघाली तेव्हा तिनं मनानं हार मानली होती.

तेरलाच एक म्हातारा चढला. हातात भाजीची पिशवी. बिनपैशाच्या तिकिटासाठी त्यानं आधार कार्ड पुढं केलं. कार्डावरचं नाव वाचायची गरजच पडली नाही. चौकशीच्या दिवशी डेपोत भिंतीला टेकून बसलेल्या शरिफाबीच्या नवऱ्याचा चेहरा ती विसरणं शक्य नव्हतं. तिनं मशीनची बटणं दाबून तिकीट काढून दिलं. खाली मान घालून पुढं जाता आलं असतं. पण ती तिथंच उभी राहिली.

"चाचा," ती म्हणाली, "बेल म्याच दिली हुती. न बघता दिली हुती."

बाबामियाँनी मान वर करून तिच्याकडे बघितलं. शेजारचा माणूस मोबाईल बघायचा थांबला.

"ठावं हाय," ते म्हणाले. "म्या खालीच हुतो न्हवं." मग तिकीट घडी करून खिशात ठेवलं आणि खिडकीबाहेर बघत बसले. पौर्णिमाला वाटलं, आता धरणीनं पोटात घेतलं तर बरं. पण सांगून टाकल्याचा पस्तावा तिला झाला नाही.

फाटा आला. गाडी थांबली. बाबामियाँ दांड्याला धरून एकेक पायरी उतरले. ती पायरीवर उभी राहून बघत होती, एकदा, नीट. ते उतरले होते. दोरी तिच्या डोक्यावर होती. हात वर गेला आणि तिथंच अडला. मागून कुणी ओरडलं, "ओ बाई, चला की!" गोरोबानं मान वळवली नाही.

बाबामियाँनी खालून वर बघितलं. तिचा वर गेलेला हात दिसला, तोंडही दिसलं. ते रस्त्यावरून तीन पावलं मागं सरकले, पिशवी बाजूला ठेवली आणि दोन्ही पाय जमिनीवर रोवून, डोक्यापासून टाचेपर्यंत तिला दिसतील असे मोकळ्यात उभे राहिले.

"उतरलो, बेटी," ते म्हणाले. "दे बेल."

पौर्णिमानं दोरी ओढली. मग पुन्हा ओढली.