चिंचेत विरलेले शंख

माझं डोकं लवकर तापतं, हे अख्ख्या कुंभकोणला ठाऊक आहे. त्या दिवशी तर पहाटेपासून माझा पाय एका जागी ठरत नव्हता. दुपारी मद्रासहून कृष्णमूर्तीसाहेब येणार होते. अरियलूरकडच्या एका विहिरीच्या तळातून मी आणलेल्या दगडात नुसत्या डोळ्यांना न दिसणारे पुराणकाळचे शंख आहेत, एवढं त्यांना सूक्ष्मदर्शकातून दाखवलं, की संशोधनाची जागा माझी. नाहीतर जन्मभर कॉलेजात परीक्षानळ्या धूत बसायचं. विहिरीला पाणी लागलं होतं, तेव्हा दुसरा दगड मिळणं नव्हतं.

कॉलेजात धड शेगडी नाही. म्हणून दगड फोडून धुण्याच्या सोड्यात घरीच उकळला, चिखल गाळून टाकला. आधीच्या गाळातले शंख कॉलेजात भिंगाखाली पाहून त्यांची चित्रं काढली होती; आता उरला होता चमचाभर गाळ. तो पुन्हा एकदा सोड्यात भिजवायचा होता. मोरीपाशी पितळी तपेल्यात गढूळ पाणी दिसलं, ते माझंच सोड्याचं वाटलं.

"अहो, ते घासायला ठेवलंय. चिंच आहे त्यात," माझी बायको भवानी आतून म्हणाली.

"सोडा मी घातलाय की तू? मला शिकवू नकोस," असं खेकसून मी गाळ ओतला.

बारीक बुडबुडे आले, तसा मी खूश झालो. चुन्याच्या शंखावर आंबट पडलं की ते फसफसतं आणि विरतं, हे मी दरवर्षी पोरांना शिकवतो. त्या दिवशी मलाच सुचलं नाही. शिकलेला गाढव म्हणतात तो मीच.

दोन तासांनी गाळ वाळवून कॉलेजात नेला. भिंगाखाली नुसती वाळू. तेव्हा कुठं चिंच आठवली, आणि साहेब आल्यावर त्यांना ती सांगावीच लागली.

"चिंच घातली कोणी?" साहेबांनी विचारलं.

"बायकोनं."

साहेब हसले. "घरोघरी मातीच्या चुली. आधीच्या गाळातल्या शंखांची तुमची चित्रं चांगली आहेत. या मद्रासला."

घरी येऊन शंख चिंचेत विरल्याचं आणि तरी जागा मिळाल्याचं सांगितलं. भवानीच्या डोळ्यांत पाणी आलं. "माझंच चुकलं. तपेलं तिथं ठेवायलाच नको होतं."

मला लाज आवरेना. "तू सांगितलं होतंस. मीच ऐकलं नाही. आणि साहेबांपुढं नाव तुझं घेतलं."

तिनं पान मांडलं, भात वाढला.

"साप्पिड वांगो," म्हणाली.

आमच्याकडे घरात मराठी, तमिळ उंबऱ्याबाहेर. लग्नाला अकरा वर्षं झाली, जेवायला या म्हणून तिनं मला तमिळमध्ये कधी हाक मारली नव्हती. मी मद्रासची गाडी पकडेपर्यंत ती माझ्याशी तशीच बोलत राहिली, दारावरच्या भाजीवाल्याशी बोलावं तशी.