शेवटच्या सीटपर्यंत

वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर दुपारी तीन वाजता सगळं शहर बेचिराख होणार होतं, आणि ते बघायला ती आईला घेऊन चांगला अर्धा तास आधी येऊन बसली होती.

पस्तीस वर्षांपूर्वी टीव्हीवाल्यांनी अणुबॉम्बचा हा सिनेमा याच शहरात, याच रस्त्यांवर केला होता. तो एकदाच दाखवला गेला. आपलाच चौक, आपलंच पोस्ट ऑफिस जळताना बघून लोकांच्या झोपा उडाल्या, तक्रारी गेल्या आणि सिनेमा जो कपाटात गेला तो गेलाच. आता वाचनालयाच्या ग्रंथपालबाईंनी त्याची एक प्रत मिळवली होती. पळापळीच्या दृश्यासाठी डेपोने तेव्हा एक बस दिली होती, आणि बसबरोबर ड्रायव्हर. तो ड्रायव्हर म्हणजे तिचे बाबा.

बाबांना जाऊन अकरा आठवडे झाले होते. घरात त्यांचे फोटो होते; सगळ्यांत ते ओळखपत्रासाठी उभे असल्यासारखे ताठ. हलणारं, चालणारं असं काहीच नव्हतं. आणि गेल्या आठवड्यात जिना उतरताना तिच्या एकदम लक्षात आलं, की बाबांची चाल आठवत नाहीये. आवाज आठवत होता, हात आठवत होते. चाल मात्र गेली होती. तेव्हापासून तिचा जीव थाऱ्यावर नव्हता.

"काढलंय त्यांना त्यातून," आई चौथ्यांदा म्हणाली. "स्वतःच सांगायचे. आयुष्यात एकदा नट व्हायची वेळ आली, ती पण धड जमली नाही."

"वहिनी, मी होतो तिथे," मागच्या खुर्चीवरून आवाज आला. हे घंटीकाका. बावीस वर्षं बाबांच्या बसचे कंडक्टर. डेपोत त्यांना खऱ्या नावाने हाक मारली असती तर त्यांनीच इकडेतिकडे बघितलं असतं. "दिग्दर्शक सांगत होता, भोंगा वाजला की तू पहिली उडी मार आणि पळ. हा काय करतोय? हँडब्रेक लावतोय, सगळे उतरेपर्यंत थांबतोय, आणि वर बसमधून मागे चालत जातोय! दिग्दर्शकाने टोपी आपटली. तीन वेळा घेतलं, तीनही वेळा तेच."

"मग काढणारच ना!"

"पण तिसऱ्या वेळी ऊन उतरलं हो. चौथ्यांदा घ्यायला उजेडच नव्हता. टीव्हीवर लागला त्या रात्री आम्ही दोघं ड्यूटीवर, कोणी बघितलंय?"

बघायला ती बसली होती, शेजाऱ्यांकडे, नऊ वर्षांची. पडद्यावर घड्याळाचा चौक आला, भोंगा सुरू झाला आणि ती चपला तिथेच टाकून घरी पळाली आणि पलंगाखाली शिरली. बस यायची होती, ती बघायची राहूनच गेली.

बाबा पाळी संपवून आले. पलंगापाशी वाकले आणि रोज फेरी संपली की बसमध्ये विचारायचे त्याच सुरात त्यांनी विचारलं, "कोणी राहिलंय का?"

ही त्यांची सवय. बस रिकामी दिसली तरी ते शेवटच्या सीटपर्यंत जायचे, प्रत्येक सीटखाली वाकून बघायचे. एकदा कधीतरी एक झोपलेलं मूल बसबरोबर डेपोत गेलं होतं, तेव्हापासून. दुसऱ्या दिवशी पहिल्याच बसने त्यांनी तिला चौकात नेलं. "हे बघ घड्याळ. हे चपलांचं दुकान. मोजून घे, काही कमी आहे का." तिने मोजलं. काही कमी नव्हतं. तरी तो भोंगा कुठेतरी कानात राहिलाच.

पडदे ओढले गेले. हॉल भरला होता. डेपोतली जुनी मंडळी काठ्या टेकत आली होती. सुरुवातीला सगळी मजाच. "अरे, हे आपलं मार्केट!" "तो बघ, केस होते तेव्हा त्याला!" मग रेडिओवरच्या बातम्या गंभीर व्हायला लागल्या, दुकानांपुढे रांगा लागल्या आणि हॉलमधली बडबड आपोआप विरत गेली.

घड्याळाचा चौक आला. भोंगा वाजला.

 तिचे पाय पळायच्या तयारीत खुर्चीखाली वळलेसुद्धा. चाळिशी उलटलेली बाई, आणि पळायची घाई तीच, नऊ वर्षांची. डोळे मिटले की संपलं. मग पुन्हा कधी? आईचा हात तिच्या मनगटावर आला, चांगला घट्ट. "बस इथेच," आई पुटपुटली. "बघ."

तिने बघितलं.

पडद्यावर लोक सैरावैरा धावत होते. कोपऱ्यावरून लाल बस आली, थांबली. दारातून माणसं बाहेर आली, पडली, उठली, पळाली. चौक रिकामा होत गेला. मागे आकाश पांढरं व्हायला लागलं होतं.

आणि बसच्या पहिल्या खिडकीत एक टोपी दिसली.

मग दुसऱ्या खिडकीत. तिसऱ्या. एक हात डावीकडच्या सीटच्या दांडीवर, मग दुसरा उजवीकडच्या; अंग जरासं डावीकडे झुकलेलं, जणू बस अजून वळणावर आहे. वाकायचं, बघायचं, पुढे. वाकायचं, बघायचं, पुढे. जग संपत होतं आणि तो माणूस नीट शेवटच्या सीटपर्यंत गेला. तिथे त्याने मान वर केली. ओठ हलले. भोंग्यात शब्द ऐकू आले नाहीत, पण हॉलमध्ये मागून कोणीतरी मोठ्याने म्हणालं, "कोणी राहिलंय का?"

मागच्या दाराने बाबा उतरले. हातात कोणाची तरी छत्री होती.

लोक हसले. भर प्रलयात सगळा हॉल खो-खो हसला आणि त्या हसण्यातच टाळ्या सुरू झाल्या. पडद्यावर लखलखाट झाला, घड्याळ कोसळलं, पण बघतंय कोण! घंटीकाका उभे राहिले, खिशातून किल्ल्या काढल्या आणि समोरच्या लोखंडी खुर्चीवर टण्-टण्, डबल बेल दिली. "अहो बाई, गाडी मागे घ्या! परत लावा!"

ग्रंथपालबाईंनी नियम वगैरे काही आठवून बघितलं असावं, पण त्यांनी परत लावलं. दुसऱ्यांदा तर डेपोची मंडळी खिडक्या मोजत होती. "एक! दोन! तीन!" आई हसता हसता डोळे पुसत होती. "खोटारडा," ती म्हणाली. "काढलंय म्हणे! छत्री घेऊन आलाय बघ, मेला!"

त्यानंतरचा सिनेमा भयंकरच होता. जळलेल्या भिंती, राख, पाण्यासाठी भांडणं.  ती उठली नाही. एकदाही मान वळवली नाही. शेवटचं अक्षर पडद्यावरून जाईपर्यंत तिने सगळं डोळे उघडे ठेवून बघितलं, आणि कानातला तो भोंगा कधी थांबला ते तिला कळलंही नाही.

पडदे उघडले. खिडकीबाहेर घड्याळ होतं, पाच मिनिटं मागे, नेहमीसारखं.

मंडळी जिन्याकडे सरकली. आई दारापर्यंत पोचली आणि मागे वळून बघते तर लेक जवळ नाही. ती खुर्च्यांच्या रांगांमधून मागे चालली होती. एक हात डावीकडच्या पाठीवर, मग उजवीकडच्या, वाकून बघत, पुढे. शेवटच्या रांगेखालून तिने कोणाचा तरी मफलर उचलला.

"वहिनी," घंटीकाका हळूच म्हणाले, "ती चाल बघा."

"बघतेय," आई म्हणाली. "जन्मल्यापासून अशीच चालते. तुम्हाला आज दिसलं होय?"

हे तिच्या कानावर पडलं. ती जागच्या जागी थांबली. खाली बघितलं, आपल्याच पायांकडे. मग मफलर हातात उंच धरून तिने भरलेल्या जिन्याला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं,

"कोणी राहिलंय का?"